एक दांडा, अनेक पाती: बागेसाठी बदलत्या तोंडांची अवजारं घ्यावीत का?

अवनी_तळेगाव | ८ जून, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. तळेगावच्या बाहेर आमचा ८ गुंठ्यांचा प्लॉट आहे. घर बांधलेलं नाही, फक्त कुंपण आणि पाण्याची टाकी. शनिवार-रविवार मी, नवरा आणि आई जातो. आंबा, चिकू, लिंबू, शेवगा लावलाय, बाकी भाजीचे वाफे. अवजारं तिथे ठेवता येत नाहीत, ठेवली की जातात. त्यामुळे फावडं, कुदळ, दताळं, लांब दांड्याचं खुरपं, फांद्या कापायची करवत असं सगळं दर वेळी गाडीत भरायचं. गाडी छोटी. दांडे डिकीतून निघून पार पुढच्या सीटपर्यंत येतात आणि आई वाटभर ते धरून बसते.

म्हणून एकच दांडा आणि त्याला बदलता येणारी पाती, असा संच घ्यावा असं मनात आहे. ऑनलाइन तीन प्रकार दिसले: खटका दाबला की पातं सुटतं तो, स्क्रू पिळून आवळायचा तो, आणि आट्यांवर फिरवून बसवायचा. साध्या अवजारांपेक्षा किंमत बरीच जास्त आहे.

विचारायचं ते असं: जोड टिकतो का? कोणती पाती अशी घ्यावीत, कोणती नकोत? दांडा लाकडी की ॲल्युमिनियमचा? आई ६८ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे बसून खुरपता येत नाही, पण तण काढायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. तिच्यासाठीच मुख्य खटाटोप.

बाभूळदांडा | ८ जून, सकाळी १०:०५

घेऊ नका. लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं) खुरपं करून घ्या, सुताराकडून बाभळीचा दांडा. नातवंडं वापरतील.

निळाई | ८ जून, सकाळी १०:११

बाभूळदांडा, त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय! दांडा गाडीत मावत नाही हाच तर प्रश्न आहे. :)

केदार_ब्रेमेन | ८ जून, दुपारी १:३०

अवनी, इकडे जर्मनीत ही अवजारं घरोघर असतात, आणि त्याचं कारण तुमच्यासारखंच आहे: जागा नाही. शहराकडून भाड्याने मिळणाऱ्या बागांचे तुकडे असतात. त्यात बांधायची झोपडी, ओसरी धरूनसुद्धा, २४ चौरस मीटरपेक्षा मोठी करायला कायद्याने परवानगी नाही. त्यात खुर्च्या, चूल, मुलांची खेळणी आणि अवजारं. एका भिंतीवर दोन दांडे आणि शेजारी खिळ्यांवर आठ-दहा पाती टांगलेली दिसतात.

इथे या अवजारांच्या कंपन्यांची दोन घराणी मोठी. वोल्फ-गार्टन १९२२ सालची, लाल-पिवळ्या रंगाची. तिच्यात पातं दांड्यात सरकवलं की खट्‌कन बसतं आणि बटण दाबलं की सुटतं. दुसरी गार्डेना, १९६१ साली उल्म शहरात सुरू झाली. तिच्यात पातं सरकवून स्क्रू हाताने आवळायचा. दोघींची मालकी नंतर बदलली (गार्डेना २००७ मध्ये हुस्कव्हार्ना या स्वीडिश कंपनीकडे गेली), पण जोड तेच राहिले. हे महत्त्वाचं, कारण अशा संचात तुम्ही विकत घेता तो खरा जोड. पातं उद्या मोडलं तर दुसरं येईल, पण तो जोड बनवणंच बंद झालं तर हातात फक्त काठी उरते. आणि एकीचं पातं दुसरीच्या दांड्याला बसत नाही. एकदा निवडलं की त्याच घरात नांदायचं.

मी खटकावाली वापरतो. दताळं, तीन नखांचा माती भुसभुशीत करायचा पंजा, ढकलताना आणि ओढताना दोन्हीकडे कापणारं खुरपं, पानं गोळा करायचा झाडू, करवत. या सगळ्यांत जोडाने कधी त्रास दिला नाही. जमीन मात्र खणायची असली की वेगळं, एकसंध फावडं घेतो.

पाटीलबुवा | ८ जून, दुपारी २:१५

केदार, शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लिहायला हवं होतं. त्याचं कारण मी सांगतो, यंत्रांच्या दुरुस्तीतच आयुष्य गेलंय.

फावडं जमिनीत रुतवून तुम्ही दांडा मागे खेचता, म्हणजे ते पहारीसारखं वापरता. समजा जोडापासून हातापर्यंत १०० सेंटीमीटर अंतर आहे आणि तुम्ही २० किलोचा जोर लावलात. खटक्याच्या जोडात दांडा आत जेमतेम ८ सेंटीमीटर शिरलेला असतो. मग त्या खोबणीच्या दोन्ही टोकांवर २० गुणिले १०० भागिले ८, म्हणजे २५० किलोचा दाब येतो. तोही एका बाजूने, दर वेळी, वर्षानुवर्षं. प्लास्टिकची खोबण तर सोडाच, पातळ पत्रासुद्धा हळूहळू पसरतो. तोच दांडा साध्या फावड्यासारखा २५ सेंटीमीटर आत गेला असेल तर दाब ८० किलोवर येतो.

आता दताळं बघा. त्यात तुम्ही ओढता. जोर बहुतेक दांड्याच्या लांबीच्या दिशेने जातो, आणि तोही दोन-चार किलोच. तिथे ८ सेंटीमीटरची खोबण पुरून उरते.

म्हणून ज्या कामात उचकटायचं आहे तिथे जोड नको. ओढायचं, खरडायचं, वर पोचायचं आहे तिथे खुशाल घ्या.

रानफूल | ८ जून, दुपारी २:४०

पाटीलबुवा __/\__ शाळेत तरफ अशी शिकवली असती तर!

वऱ्हाडी_ठेचा | ८ जून, दुपारी ३:२०

बदलतं पातं म्हणजे जर्मनीतून आलेली नवलाई समजू नका राजेहो. आमच्याकडे डवऱ्याची (बैलाने ओढायच्या कोळप्याची) पास, म्हणजे खालचं आडवं पातं, बदलतेच की. ओळीतलं अंतर बघून लहान-मोठी पास लावायची, झिजली की लोहाराकडून दुसरी. दांडी तीच, रुमणं (धरायची मूठ) तेच.

आणि अवनीताई, तुमच्या वाफ्यांना सायकल कोळपं बघितलं का? पुढे जुन्या सायकलचं चाक, मागे धरायला दोन मुठी, खाली नटबोल्टने पास. सहा इंची, नऊ इंची, बारा इंची पास बदलता येते, तण काढायची वेगळी, सरी ओढायची वेगळी. उभ्याने ढकलायचं, गुडघा वाकवायचा नाही. तालुक्याच्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे मिळते.

अवनी_तळेगाव | ८ जून, दुपारी ४:०२

वऱ्हाडी_ठेचा, आईला फोटो दाखवला. लगेच "हे आण" म्हणाली. पण चाक गाडीत कसं नेऊ?

वऱ्हाडी_ठेचा | ८ जून, दुपारी ४:१०

चाकाचा एक नट सोडा. चाक वेगळं, सांगाडा वेगळा. पाना मात्र घरी विसरू नका.

मुठे_काठी | ८ जून, संध्या. ५:३०

मी नोकरीत असताना इंजिनिअर पलटणीत होतो, म्हणून हा विषय जवळचा. ब्रिटिश पायदळाला १९०८ च्या नमुन्याच्या, सामान अंगावर लटकवायच्या पट्ट्यांबरोबर खंदक खणायचं जे छोटं अवजार मिळे, त्याचं डोकं कमरेच्या थैलीत आणि दांडा वेगळा लटकवलेला असे. वेळ आली की दोन्ही जोडायचं. अडचण अवनीताईंच्या गाडीचीच, चालताना दांडा आडवा येऊ नये ही.

पण सगळ्यात जुना आणि साधा बदलता जोड तुमच्या घरातच असेल: टिकाव. टिकावाच्या दांड्याचं डोक्याकडचं टोक जाड असतं. दांडा वरून घालायचा, डोकं खाली सरकत जाऊन जाड भागावर आवळून बसतं. जितका घाव घालाल तितकं ते घट्ट होतं. पाचर नको, खिळा नको. काम झालं की उलटं धरून दांड्याचं मुठीकडचं टोक दगडावर आपटा, डोकं सुटून येतं. मग डोकं डिकीत खाली आणि दांडा कडेला. पाटीलबुवांचा २५० किलोचा हिशेबही इथे लागू होत नाही, कारण डोक्याच्या भोकाला चारही बाजूंनी जाड लोखंड आहे. टिकाव आणि कुदळ दोन्हींची भोकं एकाच मापाची बघून घेतलीत तर एका दांड्यात दोन्ही कामं.

बाभूळदांडा | ८ जून, संध्या. ५:४८

मुठेकाका, हे मात्र पटलं. फक्त दांडा घेताना रेषा बघा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मधेच तिरक्या बाहेर पडत असतील तर तो दांडा तिथेच फाटणार. बाभूळ चांगली, पण धामण मिळाली तर सोडू नका. लवचीक आणि चिवट लाकूड, धनुष्य करायलाही तेच वापरत. हाताला झटका कमी बसतो.

गच्चीवाली_ठाणे | ८ जून, रात्री ९:१५

माझा अनुभव कुंड्यांपुरता. एक छोटी मूठ आणि तिला थापी, पंजा, खुरपं अशी तीन तोंडं असलेला संच भेट मिळाला होता. कुंडीत रोप लावताना एका मिनिटात थापी लागते, लगेच पंजा, परत थापी. दर वेळी मातीच्या हातांनी खटका दाबत बसायचं. आता तीन वेगवेगळी साधी अवजारं आहेत आणि काम झरझर होतं. लहान अवजारांना बदलती पाती नकोतच. जागाही काही फार वाचत नाही.

निळाई | ८ जून, रात्री ९:३२

+१. आणि खटक्यात माती गेली की तो अर्धाच बसतो. आमच्या काळ्या मातीत तर विचारूच नका. पावसानंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चिकटायची थांबेपर्यंत, कुठलंही अवजार बाहेर काढायचं नाही हा नियम केलाय. चिखलात काम केलं की माती खराब होते आणि जोडही.

गोंयकार | ८ जून, रात्री १०:०५

सगळ्यांना एक विनंती, ही पोस्ट वाचून सोडून देऊ नका.

लांब होणारे ॲल्युमिनियमचे दांडे मिळतात, दोन मीटरपासून चार मीटरपर्यंत उघडणारे. करवत लावून फांद्या छाटायला, आंबे काढायला लोक घेतात. आमच्याकडे गोव्यात आणि कोकणात झाडांमधून विजेच्या तारा गेलेल्या असतात. चार मीटरचा दांडा, तुमची उंची आणि वर केलेले हात मिळून तार सहज गाठते. ॲल्युमिनियम म्हणजे थेट मृत्यू. आणि ओला बांबू किंवा ओलं लाकूड सुरक्षित आहे असं समजू नका, पाण्यामुळे त्यातूनही वीज वाहते. झाडाच्या जवळून तार जात असेल तर दांडा कसलाही असो, ते काम करायचं नाही. वीजखात्याला कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा.

अवनीताई, प्लॉटवरून तार जाते का ते आधी बघा. त्यावर दांड्याची निवड ठरेल.

अवनी_तळेगाव | ८ जून, रात्री १०:२०

गोंयकार, मनापासून आभार. शेवग्याच्या बाजूने तार जाते! त्या कोपऱ्यात काहीच वर न्यायचं नाही, आणि शेवगा आता हाताच्या उंचीवरच छाटत ठेवायचा असं आत्ताच ठरवलं.

आंबेवाला_रत्नागिरी | ९ जून, सकाळी ७:१०

शेवगा तसाही दर वर्षी खाली छाटलेलाच बरा, फुटवे जास्त येतात आणि शेंगा हाताशी.

आंब्यासाठी सांगतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला (काठीच्या टोकाला लावून आंबे उतरवायचं अवजार) काढलाय. पात्याने देठासकट आंबा कापला जातो आणि खाली जाळीत पडतो. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाहीत. तो झेला तुम्ही बांबूला बांधा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या काठीला. म्हणजे ज्याच्याकडे जी काठी आहे ती चालते, कुठल्याही घराण्यात नांदायला नको. विलायती संचात फळ तोडायची जी पिशवी मिळते, तिच्या कडेला दाते असतात आणि आंबा पिळून ओढावा लागतो. सफरचंदाला ठीक, हापूसला नको.

केदार_ब्रेमेन | ९ जून, सकाळी ११:४५

आंबेवाला, अगदी खरं. माझ्याकडे ती पिशवी आहे आणि सफरचंद हलकंसं फिरवलं की देठाच्या सांध्यावर आपोआप सुटतं. आंब्याचा देठ तसा सुटत नाही.

सुतारपक्षी | ९ जून, दुपारी १२:३०

दांडा लाकडी की ॲल्युमिनियम यावर कुणी नीट बोललं नाही, म्हणून लिहितो.

युरोपातले चांगले लाकडी दांडे ॲश नावाच्या झाडाचे असतात. लाकूड हलकं आणि लवचीक आहे, हाताला उबदार लागतं. पण आपल्या हवेत लाकूड मे महिन्यात आकसतं आणि जुलैत फुगतं. साध्या अवजारात हे चालतं, पाचर ठोकली की झालं. खटक्याच्या जोडात मात्र दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची किंवा धातूची टोपी स्क्रूने बसवलेली असते. उन्हाळ्यात त्या टोपीत लाकूड सैल होतं आणि माणसाला वाटतं की खटका बिघडला. टोपीचा स्क्रू आवळा, नाहीतर थोडा जाड स्क्रू घाला. आणि सैल दांडा पाण्यात भिजवून ठेवायचा तो उपाय करू नका. लाकूड फुगून भोकात दबतं आणि वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल होतं.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, दांड्याला जवसाचं तेल लावा. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने पुसून टाकायचा. तेलाचं ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि घडी केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

ॲल्युमिनियम हलकं, पावसात बिघडत नाही, पण उन्हात तापतं, मुठीवर वेष्टण असलेलंच घ्या. आईंसाठी मी तेच सुचवेन, कारण ६८ व्या वर्षी तासभर काम करताना अर्ध्या किलोचा फरकसुद्धा खांद्याला कळतो.

रानफूल | ९ जून, दुपारी १२:५५

फडकं पेट घेतं?! आमच्या सुताराच्या कोपऱ्यात असली ढीगभर फडकी आहेत. आत्ता फोन करते.

नाशिकची_वहिनी | ९ जून, दुपारी ३:१०

माझ्या घरी उलटी गंमत आहे. ह्यांनी मोठ्या हौसेने चार दांडे घेतले आणि दोन पाती. आता दांड्यांवर दोडका चढलाय, छान लागलाय. :D

गमतीचं सोडा, कात्रीबद्दल एक सांगू का? बदलती अवजारं म्हटली की सगळे दांड्याचाच विचार करतात. फांद्या छाटायच्या कात्रीचा प्रत्येक भाग सुटा मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं. आमच्या द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामात कात्री दिवसभर हातात असते. फेल्को ही स्विस कंपनी १९४५ पासून अशा कात्र्या बनवते, त्यात पातं, स्प्रिंग, मधला बोल्ट सगळं वेगळं विकत मिळतं. स्प्रिंग गेली म्हणून कात्री फेकायची नाही. अवनी, तुला लिंबू-चिकूसाठी कात्री लागणारच, तेव्हा सुटे भाग मिळतात का हे आधी विचार.

बाभूळदांडा | ९ जून, दुपारी ४:००

वहिनी, लोहाराकडे नेलं की कुठलाही भाग सुटाच असतो. :)

पण काल रात्री विचार केला. अवनीताई, तुमच्या आईंच्या खुरप्यासाठी केदार म्हणतात तेच बरोबर. उभ्याने वापरायचं हलकं खुरपं आमचा लोहार करून देईल, पण ते जड होईल. फक्त त्याची धार बघा. पुष्कळशी तयार पाती दुकानातून बोथट येतात. कानस घेऊन एकाच बाजूने धार काढा. बोथट खुरप्याने तण तुटत नाही, नुसतं मातीत दबतं, आणि माणूस जोर लावत बसतो. खांदे त्यानेच जातात.

निळाई | ९ जून, दुपारी ४:२०

बाभूळदांडांनी मत बदललं! धाग्याला तुरा लावा कुणीतरी.

अवनी_तळेगाव | ९ जून, रात्री ८:४५

सगळ्यांचे खूप खूप आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला, पाटीलबुवांचा हिशेब दोनदा.

ठरलं ते असं. खणायला टिकाव आणि कुदळ एका मापाच्या भोकाची, एकच धामणीचा नाहीतर बाभळीचा दांडा, मुठेकाका म्हणतात तसा सुटा नेणार. फावडं एकसंधच, पण आखूड दांड्याचं, ते डिकीत मावतं. बदलता संच फक्त तीन पात्यांचा: उभ्याने वापरायचं खुरपं, दताळं, करवत. सायकल कोळपं पुढच्या महिन्यात, भाजीच्या ओळी धरल्यावर.

दोन शंका. आईची उंची पाच फूट एक इंच आहे, दांडा किती लांब घेऊ? आणि पुण्याला बोहरी आळीत जाऊन हातात घेऊन बघणार आहे, तर दुकानात जोड कसा तपासायचा?

केदार_ब्रेमेन | ९ जून, रात्री ९:३०

खुरप्यासाठी दीड मीटरच्या आसपास. आईंनाच दुकानात न्या. सरळ उभं राहून पातं पायापासून हातभर पुढे टेकवायचं आणि ओढून बघायचं. पाठ वाकत असेल तर दांडा आखूड. वरचा हात खांद्याच्या वर जात असेल तर लांब. तोच दांडा तुम्ही करवतीला वापरणार असाल तर तुमच्या नव्हे, आईंच्या मापाचाच घ्या, करवत वर्षातून दोनदा लागते आणि खुरपं दर आठवड्याला.

पाटीलबुवा | ९ जून, रात्री ९:५०

जोड तपासायला पातं जमिनीवर पायाने दाबून धरा आणि दांड्याचं वरचं टोक डावी-उजवीकडे हलवा. जोडात एका मिलिमीटरची फट असली तरी दीड मीटरवर ती बोटभर दिसते. नव्यातच बोटभर हलत असेल तर ठेवून द्या. मग पातं दहा-बारा वेळा काढून घालून परत तसंच बघा. खोबण धातूची आहे की प्लास्टिकची ते विचारू नका, स्वतः आत डोकावून बघा. प्लास्टिकची असेल तर संच उन्हात ठेवायचा नाही, ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं. गाडीच्या मागच्या काचेखालीही नको.

अवनी_तळेगाव | ९ जून, रात्री १०:०२

रविवारी आईला घेऊन जाते. करवतीचं पातं ओढताना कापणारं घेऊ की दोन्हीकडे कापणारं?

आंबेवाला_रत्नागिरी | ९ जून, रात्री १०:१५

ओढताना कापणारंच. लांब दांड्याने ढकलायला गेलं की दांडा वाकतो आणि पातं अडकतं. आणि मनगटाएवढी फांदी असेल तर आधी खालच्या बाजूने थोडा काप घ्या, मग वरून कापा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत खाली येते. फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, आईंनाही लांब बसवा.